दसऱ्याची फटफटी

कासारवाडीत सयाजी वायरमनचं नाव काढलं की जुनी माणसं आधी हसायची आणि मग म्हणायची, "तो व्हय? फटफटीवाला!" हसण्यासारखं होतंच की! ज्या गड्याला सायकलची उतरलेली चेन चढवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे, त्यानं भंगारातले तुकडे गोळा करून अख्खी फटफटी जोडायला घेतली होती. सुखाची भाकर खाऊन विकतचं दुखणं घेणं म्हणतात ते हेच.

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा. लढाईच्या धामधुमीत देहूच्या मिलिटरी डेपोत हमाल म्हणून लागला, तिथंच एका वायरमनच्या हाताखाली काम शिकला, आणि आता सन छप्पनला पिंपरीत नव्या कारखान्याच्या वसाहतीत घरांना वायरिंग करत होता. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची, तिच्यावरून दोन वायरी शेजारीशेजारी न्यायच्या आणि वितीवितीवर चिमटा मारायचा. त्याची पट्टी ओळंबा लावून बघा, केसभर हलायची नाही. बोलणं मात्र मोजकं. इतका थंड माणूस, की शेजारणी त्याच्या बायकोला, रंभाला विचारायच्या, "अगं, ह्याच्याशी भांडायचं तरी कसं गं?"

रंभाला भांडायची गरजच पडली नव्हती. पडली ती फटफटीपायी.

त्याचं असं झालं. रंभाचं माहेर चाकणचं, जुनं शेतकरी घर. तिला एकच भाऊ, मालोजी. तो लष्करात भरती झाला आणि त्याला काम मिळालं फटफटीवरून टपाल पोचवायचं. देहूच्या डेपोत त्याची आणि सयाजीची गट्टी जमली. सयाजी फटफट्या आवारात इकडून तिकडं लावायचा, मालोजी त्याला चालवायला शिकवायचा, शिव्याही मनसोक्त द्यायचा. "लढाई संपू दे, भावा," म्हणायचा, "मग आपण दोघं मिळून एक जोडू. आपली स्वतःची."

ब्रह्मदेशच्या आघाडीवर जायचा हुकूम आला, तेव्हा मालोजी साहेबाच्या परवानगीनं एका दिवसासाठी फटफटीवरून घरी आला. दसरा होता. फट फट फट करत तो थेट दारात आला तेव्हा निम्मं चाकण जमा झालं. त्याची आई सुभद्राबाई हातातली परात टाकून धावली. त्यानं धाकट्या रंभाला मागं बसवून मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणलं. पण जाताना त्याचा धीर झाला नाही. आई रडेल, पायाला मिठी घालेल, म्हणून पहाटे त्यानं गाडी सुरूच केली नाही. तशीच ढकलत वेशीबाहेर नेली. मागून ढकलायला रंभा होती. वेशीबाहेर गेल्यावर त्यानं लाथ मारली आणि तो आवाज मोशीच्या रस्त्यानं बारीक होत होत गेला. तो एकट्या रंभानं ऐकला. मालोजी परत आला नाही, तार आली.

पुढं सयाजी मालोजीची पेटी पोचवायला चाकणला गेला, जात राहिला आणि काही वर्षांनी त्या घरचा जावई झाला.

आता बघा माणसाच्या मनाची तऱ्हा! आईला तो आवाज म्हणजे लेकाचं येणं आणि बहिणीला तोच आवाज म्हणजे भावाचं जाणं. रस्त्यानं एखादी फटफटी गेली की रंभा हातातलं काम टाकून आत जायची, कडी लावायची. सुभद्राबाई मात्र उलट दारात येऊन उभी राहायची. अलीकडं तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू यायचा नाही. गेल्या दसऱ्याला सयाजी एकटाच सोनं द्यायला गेला, तेव्हा म्हातारीनं त्याचा हात धरला.

"जावईबापू, एक मागू का? येताना पोरगं वाजत आलं, जाताना चोरावानी गेलं. मला त्ये गेल्यालं ठावंच न्हाई. अजून कान दाराकडंच असत्यात बघा. एकडाव त्यो आवाज माझ्या दारात येऊ द्या. डोळं गेलं, कान जायच्या आत."

"पुढच्या दसऱ्याला आणतो, मामी," सयाजी म्हणाला. आयुष्यात त्यानं दिलेला हा पहिला मोठा शब्द. देऊन बसला आणि परतताना एसटीत बोटांवर महिने मोजू लागला.

डेपोतलं भंगार लिलावात निघालं होतं. त्यातून एका गाडीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन, तिसरीची चाकं असा संसार बैलगाडीत घालून त्यानं अंगणात आणून ओतला. रंभानं दारातून पाहिलं आणि तिचा चेहरा राख झाला.

"हे काय?"

"मामींनी मागितलंय," सयाजी म्हणाला आणि सगळं सांगितलं.

"आईला काय, ती म्हातारी झाली. तुमाला तरी कळाय नगं?" एवढंच बोलली. मग वर्षभर त्या फटफटीबद्दल चकार शब्द काढला नाही. अंगण झाडायची ती सांगाड्याभोवतीनं, सारवायची तेही तेवढा चौकोन सोडून. सयाजीला वाटायचं, हिनं एकदा भांडावं, आदळआपट करावी, पण हे मुकं राहणं नको. पण सांगतो कुणाला? तोही मुकाच.

इंजिन जोडायला ज्योतीराम आला. ज्योतीराम म्हणजे भोसरीपासून पिंपळ्यापर्यंतच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा गडी. तोंड फाटकं, मन चांगलं. पिस्टन, चेन, गिअर सगळं त्यानं बसवून दिलं. ठिणगीचं काम मात्र सयाजीनं कुणाला हात लावू दिलं नाही. वायर म्हटली की ती आपली, असा त्याला अभिमान.

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. सयाजीनं घराला करावं तसं वायरिंग केलं. बॅटरीपासून ठिणगीच्या कॉइलपर्यंत दोन वायरी, दिव्याला दोन, भोंग्याला दोन. बॅटरीखाली रबर, कॉइलखाली रबर. लोखंडाला कुठं करंट शिवता कामा नये, कारण त्यावर माणूस बसणार. चामड्याच्या पट्ट्यांनी त्या वायरी अशा बांधल्या की बघत राहावं. महिनाभर खपला. ठिणगी पाडणारा प्लग काढून इंजिनावर टेकवला, लाथ मारली. ठिणगीचं नाव नाही. पुन्हा मारली. पालथ्या घड्यावर पाणी!

ज्योतीरामानं वाकून पाहिलं आणि खो खो हसत जमिनीवरच बसला.

"अरं भल्या माणसा! गाडीला कशाला दुसरी वायर? हा सांगाडा हाय न्हवं, हीच दुसरी वायर. बॅटरीचं एक टोक लोखंडाला जोड, की करंट आपसूक घरी येतोय."

"माणूस बसतो त्याच्यावर!"

"बसू दे की! सहा व्होल्टांत डासबी मरत न्हाई."

सयाजीला ते काही केल्या पटेना. ज्या गोष्टीला आयुष्यभर पाप मानलं, तीच करायची? शेवटी त्यानं डोळे मिटून वायर सांगाड्याला जोडली. तरीही ठिणगी नाही! कारण सांगाड्याला त्यानंच हौसेनं काळ्या रंगाचे जाड थर दिले होते आणि रंगातून करंट जाईल कसा? चाकू घेऊन स्वतःच्या हातानं तो चकचकीत रंग खरवडताना त्याचा जीव तीळतीळ तुटला. पण लोखंड उघडं पडलं, वायर घट्ट बसली आणि प्लगाच्या टोकाशी चट् करून निळी ठिणगी उडाली. सयाजी एकटाच हसला. घराच्या दाराकडं पाहिलं, तर दार लोटलेलं.

मग राहिलं बारीक काम. इंजिनाच्या बाजूला मुठीएवढी पत्र्याची टोपी होती, स्प्रिंगच्या पट्टीनं दाबून बसवलेली. तिच्या आत दोन पॉइंट. कपाळाच्या टिकल्यांएवढे, समोरासमोर. ते एकमेकांना चिकटतात, सुटतात आणि सुटले की तिकडं प्लगात ठिणगी पडते. सुटायची वेळ चुकली की इंजिन उलटी लाथ मारतं. सयाजीनं प्लगाच्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडून पिस्टन कुठं येतो ते अजमावलं, पॉइंटमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालून फट मोजली. रोज कामावरून आला की हात धुऊन टोपी उघडायची, पॉइंट पुसायचे, फुंकर घालायची, टोपी लावायची. लोक देवाची मूर्ती पुसतात तसं चालायचं त्याचं.

दसरा दोन दिवसांवर आला. रंभा पवना नदीवर धुणं धुवायला गेल्याचं बघून सयाजीनं पेट्रोल ओतलं आणि लाथ मारली. दोनदा खोकली आणि तिसऱ्या लाथेला फट फट फट करून जी सुटली, की शेजारच्या कोंबड्या कौलावर चढल्या! सयाजीनं घाईघाईनं बंद केली. तिच्या माघारी सुरू केली ती तिला त्रास नको म्हणून. पण नदी काय शंभर कोसांवर होती?

रंभा ओलं धुणं तसंच खांद्यावर टाकून आली. डोळे लाल. धुणं वाळत घातलं, चूल पेटवली. आणि भाकरी थापता थापता, वर्षात पहिल्यांदा, तिनं त्या फटफटीबद्दल विचारलं.

"ह्याचा जीव कुठं असतोय?"

सयाजी गडबडला. तिला बाहेर नेऊन त्यानं टोपी उघडून दाखवली. "हितं. ह्या दोन टिकल्या हायेत बघ. ह्या हलत्यात तवर ही जित्ती." रंभानं वाकून नीट पाहिलं. मग आत गेली. सयाजीला वाटलं, झालं! हिच्या मनात आता काय आहे देव जाणे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सयाजीनं पक्कड, पेचकस, ओळंबा सगळं धुऊन पाटावर मांडलं, फटफटीला झेंडूचा हार घातला, पुढच्या दिव्याला आणि टाकीला हळदकुंकवाची बोटं ओढली. रंभा उंबऱ्यात उभी होती.

"आमच्याकडं असं न्हाई लावत," ती म्हणाली.

"मग कसं लावत्यात?"

पण ती वळून आत गेली होती.

दसऱ्याच्या दिवशी जेवण आटोपून सयाजीनं धुतलेला सदरा घातला, आपट्याची पानं खिशात घेतली आणि फटफटीला लाथ मारली.

शांत.

पुन्हा मारली. काहीच नाही, साधा खोकलाही नाही. सदरा घामानं पाठीला चिकटला. परवा कोंबड्या उडवणारी ही बया आज मूग गिळून बसली! प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. चाकणात म्हातारी सकाळपासून उंबऱ्यात येऊन बसली असणार. तिला दिसत नाही, पण वाट तर बघता येते.

ज्योतीराम नवं धोतर नेसून सोनं द्यायला आला आणि त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "सयाजीराव, एसटीनं जा राव. म्हातारीला सांगा, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ती असंल कशावरून?" सयाजी असा खेकसला, की ज्योतीराम दोन पावलं मागं सरला. त्या माणसाचा चढा आवाज गल्लीनं पहिल्यांदा ऐकला.

मग तो खाली बसला आणि वायरमन झाला. टॉर्चचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि बॅटरीपासून सुरुवात केली. बॅटरीला बल्ब पेटला. स्विचला पेटला. कॉइलच्या अलीकडं पेटला, पलीकडं पेटला. सांगाड्याची वायर ओढून बघितली, घट्ट. करंट अगदी त्या पत्र्याच्या टोपीच्या दारापर्यंत येत होता आणि पुढं जात नव्हता. पण टोपीत काय बिघडणार? परवाच तर उघडून रंभाला दाखवलं होतं, काल पूजेचा दिवस म्हणून त्यानंही उघडली नव्हती, आणि दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. सगळं तपासून झाल्यावर, दुसरं काही उरलं नाही म्हणून, त्यानं टोपी उघडली.

आत कुंकू होतं.

ओलं करून बोटानं नीट लावलेलं कुंकू, त्यावर हळद. पॉइंटच्या फटीत एक अक्षत अडकली होती, अख्खा तांदळाचा दाणा. त्या दोन टिकल्या त्याच्यावर टेकून उघड्याच राहिल्या होत्या; एकमेकींना चिकटल्याच नाहीत, तर करंट पुढं जाणार कसा? टोपी पुन्हा इतकी व्यवस्थित लावलेली, की बाहेरून संशयही येऊ नये.

सयाजी बघतच राहिला. ज्योतीराम मागून डोकावला आणि काही फाटकं बोलणार, तेवढ्यात सयाजीचा चेहरा बघून त्यानं तोंड मिटलं. सयाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वर्षभर ज्या वस्तूला तिनं झाडूसुद्धा लागू दिला नाही, तिच्या काळजात हात घालून तिनं पूजा केली होती. त्याला न सांगता, त्याच्या माघारी.

"रंभा," त्यानं हाक मारली.

ती आली, टोपीत पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! माझ्यामुळं व्हय? मीच मारली हिला?" "आई म्हनायची, कुंकू अवजाराच्या जिवाला लावायचं, दांड्याला न्हाई. नांगराच्या फाळाला, इळ्याच्या धारंला. परवा नदीवर आवाज आला तवा वाटलं, त्यो जातोय आनि मी हितं धुनं आपटतीया. त्याच्या गाडीला कवा कुनी कुंकूच लावलं न्हवतं हो. तशीच ढकलून दिली मी."

"अगं, मारलीबिरली न्हाई तू," सयाजी म्हणाला. "एक फडकं दे."

तो फडकं पेट्रोलमध्ये बुडवणार, तर तिनं त्याचा हात धरला. देवाचं कुंकू असं चिंधीनं पुसतात होय? तिनं आपल्या पदराचं टोक ओलं केलं आणि सयाजी सांगेल तसं, बोटाच्या टोकानं, ते दोन्ही पॉइंट स्वच्छ पुसले. नवऱ्यापेक्षा हलक्या हातानं पुसले, हे ज्योतीराम पुढं गावभर सांगत असे. तो तांदळाचा दाणा तिनं पदराच्या गाठीत बांधला. सयाजीनं पोस्टकार्डाचा तुकडा घालून फट बघितली, टोपी लावली आणि लाथ मारली.

फट फट फट फट!

रंभा आत गेली नाही. डोळे मिटून, हाताच्या मुठी वळून तिथंच उभी राहिली. मग डोळे उघडले, मागच्या कॅरिअरवर गोणपाटाची घडी टाकली आणि म्हणाली, "मीबी येते. आईला दिसत न्हाई धड, कोन आलं त्ये सांगाय कुनी नगं?"

भोसरी गेली, मोशीला इंद्रायणी ओलांडली. रस्त्याकडेची पोरं ओरडत मागं धावली, बैल बुजले, गाडीवानांनी शिव्या दिल्या. सयाजीला काही ऐकू आलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या टोपीकडं होतं आणि खांद्यावर घट्ट रुतलेल्या रंभाच्या बोटांकडं. उन्हं कलली तेव्हा चाकणच्या वेशीतून फटफटी आत शिरली.

सुभद्राबाई उंबऱ्यातच बसली होती. मांडीवर ओवाळायचं ताट. आवाज गल्लीत वळला तशी तिची मान वर झाली. फटफटी दारात येऊन थांबली. सयाजीनं स्विचकडं हात नेला.

"बंद करू नगा," म्हातारी म्हणाली. "चालू ऱ्हाऊ दे जरा."

सयाजीनं हात मागं घेतला.

"मागं कोन बसलंय?"

"मी हाय, आई."

"तू?" सुभद्राबाईनं हात पुढं केला, लेकीचा चेहरा चाचपला, ओला लागला. "त्याच्याबी मागं तूच बसली व्हतीस."

रंभा खाली उतरून आईच्या शेजारी उंबऱ्यात टेकली. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. फटफटी दारात उभ्या उभ्या वाजत राहिली. शेजारीपाजारी जमले. सयाजीला कळत होतं की पेट्रोल संपत आलंय, परतीपुरतं राहणार नाही. त्यानं स्विचला हात लावला नाही.

शेवटी इंजिन एकदा खोकलं. दम घेऊन पुन्हा दोनदा फटफटलं, आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला.

सुभद्राबाई बराच वेळ मान एका बाजूला कलवून ऐकत बसली. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"गेला," ती म्हणाली. "ऐकलं बाई मी."

आणि ताट घेऊन उठली. "चला, पाय धुवा जावईबापू. उपाशी असाल."